विश्लेषण : पिकअपची पायरी नेमकी कोणाच्या पायासाठी?

नवी पिकअप घरी आली की पूजा होते, नारळ फुटतो आणि आठवडाभरात गाडी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानापुढे उभी राहते. सीट कव्हर, मॅट, मागे नाव आणि दोन्ही बाजूंना चकचकीत साइड स्टेप. या पायरीची निवड बहुतेक वेळा चकाकी आणि किंमत पाहून होते. तिच्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाचा विचार क्वचितच होतो. तो का व्हायला हवा आणि पायरी घेताना काय तपासावे, याचा हा आढावा.

पायरीची गरज का पडते?

पिकअपमध्ये शिडीच्या आकाराच्या लोखंडी चेसिसवर केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात. त्यामुळे केबिनची फरशी कारपेक्षा बरीच उंच येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर असावी लागते, बहुतेक सार्वजनिक इमारतींत १५० मिलिमीटर. पिकअपमध्ये चढताना अशा दोन-तीन पायऱ्या एका ढांगेत चढाव्या लागतात. तरुण चालक स्टिअरिंग धरून सहज वर जातो. पण गुडघे दुखणारी आई, साडी सावरत चढणारी शेतमजूर बाई, दिवसभर चढ-उतार करणारा हमाल यांच्यासाठी ही ढांग रोजचा त्रास असतो. उतरताना तो वाढतो, कारण जमीन कुठे आहे हे पायाला आधी कळत नाही.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

सर्वाधिक खप गोल पाइपचा. तो स्वस्त आणि दिसायला दणकट. त्यावर पाय ठेवायला मधे प्लास्टिकचे छोटे पॅड असतात. पाय पॅडवर पडला तर ठीक, अन्यथा पावसात ओला पाइप आणि चिखलाची चप्पल हे घसरण्याचे हमखास साधन. दुसरा प्रकार सपाट पट्टीचा, ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात. यावर पूर्ण पाऊल मावते आणि कुठेही पाय ठेवता येतो. तिसरा रॉक स्लायडर. हा जाड पोलादाचा, चेसिसला घट्ट बांधलेला. खडकावर गाडी टेकली तर तिचे वजन पेलण्यासाठी तो असतो. चढायला तो उंचावरच राहतो, त्यामुळे पायरी म्हणून त्याचा उपयोग मर्यादित. चौथा प्रकार दार उघडताच खाली येणाऱ्या विजेवरच्या पायरीचा. सोय उत्तम, पण चिखल-धुळीत तिची मोटर आणि सांधे सतत साफ ठेवावे लागतात.

ऑफ-रोडची हौस म्हणून इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेणाऱ्याची गरज आणि बोलेरो पिकअपमधून बाजार समितीत कांदा नेणाऱ्याची गरज एक नाही. तरीही दोघांना एकच पाइप विकला जातो, हे खटकणारे आहे.

उंची आणि रुंदी कशी ठरवायची?

यासाठी मोजपट्टी पुरेशी आहे. जमिनीपासून केबिनच्या फरशीपर्यंतची उंची मोजा. पायरी साधारण तिच्या मध्यावर आली पाहिजे. फरशी ६० सेंटिमीटरवर असेल तर पायरी ३० सेंटिमीटरच्या आसपास. ती फरशीला चिकटून असेल तर फक्त शोभेची. फार खाली आली तर गतिरोधकावर आणि शेताच्या बांधावर घासणार. पिकअपची पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून लांब असल्याने आधी मधला भागच टेकतो. माप रिकाम्या गाडीचे घेतले तरी माल भरल्यावर गाडी किती बसते, तेही पाहा.

पाऊल ठेवायला निदान १२-१५ सेंटिमीटर रुंदी हवी. मात्र पायरी गाडीच्या अंगाबाहेर फार येऊ नये. आरसा त्याहून बाहेर असतो, हा युक्तिवाद फसवा आहे. आरसा उंचावर असतो आणि धडकला तर दुमडतो. पायरीचे टोक दुचाकीस्वाराच्या पायाच्या उंचीवर असते आणि ते दुमडत नाही. आठवडी बाजाराच्या गल्लीत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

जोडणी आणि धातू का महत्त्वाचे?

पायरी किती मजबूत, हे ब्रॅकेटवर ठरते. केबिन रबरी आधारांवर बसलेली असल्याने ती आणि चेसिस रस्त्यावर वेगवेगळ्या हलतात. एकच ब्रॅकेट दोन्हींना बांधले तर आधी आवाज येतो, मग पत्र्याला चीर जाते. कंपनीने दिलेल्या भोकांतच नट-बोल्टने बसणारी पायरी घ्यावी. चेसिसला भोक पाडणारा किंवा वेल्डिंग मारणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी टाळावा, कारण गाडीचा सगळा भार त्याच चेसिसवर असतो.

भाराचा हिशेब साधा आहे. ७० किलोचा माणूस खांद्यावर ५० किलोचे पोते घेऊन पाय ठेवतो, तेव्हा १२० किलो एका पावलावर येतात आणि झटक्यामुळे परिणाम त्याहून मोठा होतो. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी दुकानातल्या बसवलेल्या पायरीच्या टोकावर, ब्रॅकेटपासून दूर उभे राहा. ती वाकत असेल तर पुढचे बोलणेच नको.

कोकणच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादावरचा रंग एका ओरखड्यानंतर गंज धरतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील परवडते. देशावर पावडर कोटिंग केलेली चेकर्ड प्लेट पुरते, फक्त चिखल आणि पाणी निघून जायला तिला भोके हवीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अशी तरतूद आली. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. साइड स्टेप ही त्या जातीची वस्तू नव्हे. तरीही बाहेर आलेली, धारदार टोकांची घरगुती पायरी अडचणीत आणू शकते. कंपनीमान्य अ‍ॅक्सेसरी घेणे, बिल जपून ठेवणे आणि विमा कंपनीला कळवणे हा सुरक्षित मार्ग.

सर्वात मोठा धोका कोणता?

याच कायद्याचे कलम १२३ खास या पायरीबद्दल आहे. चालत्या गाडीच्या रनिंग बोर्डवर माणूस नेऊ नये आणि कोणी तिथे उभे राहून प्रवास करू नये, असे ते स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात लग्नाचे वऱ्हाड असो, जत्रा असो की कामावरून परतणारे मजूर, गाडी भरली की उरलेले पायरीवर उभे राहून दाराला लटकतात. पायरी जितकी रुंद आणि मजबूत, तितका हा मोह मोठा. ‘दोन मिनिटांचा तर रस्ता’ म्हणून घेतलेली ही जोखीम एका खड्ड्यात जिवावर बेतते. चांगली पायरी बसवणाऱ्या मालकाने हा नियमही सोबत घ्यायला हवा : चाक फिरायला लागले की पायरी रिकामी.

मग निवड कशी करावी?

खरेदीला जाताना गाडीत नेहमी बसणाऱ्यांपैकी सर्वात वयस्क किंवा सर्वात ठेंगण्या व्यक्तीला सोबत न्या. तिला रोजच्या कपड्यांत, रोजच्या चपलेत चढायला आणि उतरायला सांगा. हात कुठे धरते ते पाहा. दाराच्या खांबावर मजबूत हँडल नसेल तर पायरीआधी ते बसवा, कारण हाताला आधार नसलेली पायरी अर्धीच उपयोगाची. पाइप, पट्टी, क्रोम, काळा रंग हे प्रश्न त्यानंतरचे. दुकानदार कॅटलॉग दाखवेल, पण निकाल त्या व्यक्तीच्या गुडघ्यांनी द्यावा.