चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

"चार कोंबड्या पाळल्या तर परवडतील का हो?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला तिघींनी विचारला. एक सांगलीची माझी भाची, तिच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. दुसरी आमच्या गल्लीतली नवी सूनबाई. आणि तिसरी माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या यजमानांचं काम सुटलंय आणि घरात दोन शाळकरी मुलं आहेत. तिघींना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, अर्थशास्त्राशी माझा संबंध पगारापुरता आणि आता पेन्शनपुरता. पण माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर कोरेगाव तालुक्यातलं, आणि दोन्हीकडे परसात खुराडं होतंच. आजही माझ्याकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, आणि त्यांच्या हिशेबाची वहीही आहे.

तर माझं मत आधीच सांगून टाकते. परसातली कोंबडी परवडते, पण ती परसातलीच राहिली तर. तिला पोत्यातल्या खाद्यावर आणलं की ती परवडत नाही. आणि कर्जावर आणलं की ती अंडी देत नाही, घर खाते.

हे नुसतं बोलणं नाही, गणित करून बघा. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. आपण सत्तर धरू. तिला दिवसाला शंभर ग्रॅम विकतचं खाद्य घातलं आणि खाद्याचा भाव ३५ रुपये किलो धरला, तर रोजचे साडेतीन रुपये झाले. वर्षाचे १,२७७. त्याला सत्तरने भागा. एक अंडं सव्वाअठरा रुपयांना पडलं! दुकानातलं अंडं त्याच्या निम्म्यालाही मिळतं. गावरान म्हणून विकायला गेलात तरी खेड्यात दहा-बारा रुपयांच्या वर कोण देतो? आता तीच कोंबडी दिवसभर परसात, उकिरड्यावर, गोठ्याच्या कडेनं चरून आली आणि संध्याकाळी तिला चाळीस ग्रॅम मका-जोंधळ्याचा भरडा मिळाला, तर २४ रुपये किलोच्या हिशेबानं रोजचा खर्च जेमतेम एक रुपया. अंडं सव्वापाच रुपयांना पडलं. कोंबडी तीच, अंडी तेवढीच. फरक फक्त ती पोट कुठे भरते याचा. कोंबडीपालनात निम्म्याहून कितीतरी जास्त खर्च एकट्या खाद्याचाच असतो.

आणि खाद्याचा भाव काही आपल्या हातात नाही. २०२१ साली सोयाबीनची पेंड इतकी कडाडली की सरकारला ती बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. अलीकडे मक्यापासून इथेनॉल करायला लागल्यापासून मक्यालाही मागणी वाढली आहे. मका पिकवणाऱ्याला चार पैसे मिळतात ते चांगलंच, पण मोठे पोल्ट्रीवालेही त्यानं बेजार होतात. तिथे आपल्या सहा कोंबड्यांनी त्या बाजारात उतरायचंच कशाला?

म्हणून पहिला नियम हा की आपल्या परसाला आणि स्वयंपाकघराला जेवढ्या झेपतील तेवढ्याच कोंबड्या ठेवाव्यात. चार-पाच माणसांच्या घराला पाच-सहा कोंबड्या पुष्कळ झाल्या. भाजीचे देठ, शिळी भाकरी, ताटातलं खरकटं, धान्य निवडताना निघालेली कणी, सुपातला पाखडा एवढ्यावर त्यांचं बरंच भागतं. अंड्यांची टरफलं फेकू नका. तव्यावर भाजून, चुरून परत त्यांनाच घाला, चुन्याची सोय होते. पिल्लांसाठी आमच्या सासूबाई मडक्यात ओलं शेण आणि पाचट भरून ते वारुळापाशी पालथं घालून ठेवत. सकाळी उचललं की मडकंभर वाळवी! विकतचं कुठलंही खाद्य पिल्लं इतक्या झडपेनं खात नाहीत. एक मात्र पाळा. बुरशी धरलेला मका फुकट मिळाला तरी घालू नका. तो विषासारखाच.

मशीनमध्ये उबवलेली पिल्लं आणायची, मग त्यांना ऊब द्यायला दिवसरात्र बल्ब जाळायचा, हाही खर्च टाळता येतो. खुडुक कोंबडी आहे ना! दहा-बारा अंड्यांवर रवणीला बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. ऊबही तीच देते आणि घारीशी भांडणही तीच करते. अंडी जास्त हवी असतील तर वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जाती आहेत. त्या गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, पण खातातही जास्त, आणि बहुधा खुडुक होत नाहीत. म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत घेणं आलं. हिशेब दोन्ही बाजूंनी करायला हवा. मी गावठीच ठेवते.

दोन ठिकाणी मात्र चिकटपणा करू नये, बरं का. एक रात्रीचा निवारा. खुराडं महाग नको, पण मजबूत हवं. जाळी जमिनीत वीतभर पुरलेली असावी, कारण मुंगूस खालून येतं. अंथरायला उसाचं पाचट आपल्याकडे फुकट मिळतं. दुसरी गोष्ट लस. मानमोडी आली (डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात) की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, आणि त्यावर औषध नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी या लशी द्यायच्या. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून आम्ही गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवला. जनावरांच्या दवाखान्यातून कुपी बर्फात आणायची आणि सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घ्यायच्या. कोंबडीमागे खर्च चहाच्या कपाइतकाही येत नाही. शिवाय शेजारची कोंबडी निरोगी तर आपली निरोगी, हे शहाणपण त्यातून आपोआप येतं.

आणि विक्री वेळेवर करा. जास्तीचे कोंबडे वर्षभर पोसत बसायचे नाहीत. गावाची जत्रा आणि आखाड हे आपल्याकडचे भावाचे दिवस. एकदा श्रावण लागला की गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही आणि कोंबडा मात्र महिनाभर दाणे टिपत राहतो!

आता जरा कडू विषय. २०१९ साल आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं विसरणार नाहीत. इस्लामपूरची (आताचं ईश्वरपूर) एक कंपनी 'कडकनाथ' घेऊन आली होती. झाबुआकडची ही काळी कोंबडी काही खोटी नव्हे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिच्या नावावर जी योजना निघाली ती भलतीच होती. पैसे भरा, पिल्लं घ्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी पैसे भरले, शेड उभारल्या. मग खाद्य यायचं थांबलं, अंडी न्यायलाही कोणी येईना आणि ऑगस्टमध्ये पोलिसांत तक्रारी झाल्या. त्याच महिन्यात कृष्णेला महापूर. सप्टेंबरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. पेपरवाल्यांनी ती गंमत म्हणून छापली. पण माझ्या माहेरच्या गावात एका घरात गंठण मोडून पिल्लं आणली होती. शेवटी खाद्याला पैसे नव्हते म्हणून मिळेल त्या भावाला पक्षी दिले. गंठण काही परत आलं नाही.

लोक म्हणतात, हावरटपणा नडला. मला ते पटत नाही. कोरडवाहू रान आणि मुलाला नोकरी नाही, अशा घराला कुणी खात्रीचा भाव सांगितला तर मोह होणारच. नडलं ते वेगळंच. शेकड्यांनी कोंबड्या शेडमध्ये आल्या त्या दिवसापासून खाद्याचं पोतं दुसऱ्याच्या हातात गेलं आणि भावही दुसऱ्याच्याच हातात. मग आपल्या हातात राहिलं काय, तर शेण काढणं. ज्या धंद्यात घेणारा एकच आणि खाद्य देणाराही तोच, तिथे पाऊल टाकण्यापूर्वी शंभरदा विचार करा.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना किती मुलांच्या वह्या अंड्यांच्या पैशातून आल्या हे मी पाहिलंय. दुकानदार अंडी घेऊन चहा-साखर द्यायचा, तशी वही-पेन्सिलही द्यायचा. उसाचं बिल घरच्या पुरुषाच्या नावावर जमा व्हायचं, अंड्यांचे पैसे मात्र आईच्या बटव्यात. ते कुणाला विचारून खर्च करावे लागत नसत. कडकनाथच्या शेडचे कागद झाले ते मात्र पुरुषांच्या नावावर. कोंबडी बाईच्या हातातून गेली आणि राबणं तेवढं तिच्याकडे राहिलं. परवडतं का, असं विचारताना कुणाला परवडतं, हेही विचारायला हवं ना?

आणि विकलं नाही तरी काय बिघडलं? २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात मुलांना अंडं मिळू लागलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला. ज्या घरात सहा कोंबड्या आहेत, त्या घरातल्या पोराला त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

असो. तर माझ्या तिघी लेकींनो, तीन कोंबड्यांपासून सुरुवात करा. पिंजरा विकत आणू नका, जुन्या लाकडांचा करा. कर्ज काढू नका. वही घाला, तिच्यात गेलेला प्रत्येक रुपया आणि आलेलं प्रत्येक अंडं लिहा, घरात खाल्लेलंसुद्धा. महिन्याच्या शेवटी मसाला कोंबडीपेक्षा महाग झालेला दिसला, तर एक कोंबडी कमी करा. आणि अंड्यांचे पैसे स्वतःच्याच डब्यात ठेवा. तो डबा कुठे आहे, हे घरात सगळ्यांना सांगायलाच हवं असं काही नाही!