प्रोग्राम लिहिला, पण तो दुसऱ्याच्या संगणकावर चालेल का?

शोधनिबंधात गाजलेला प्रोग्राम चार वर्षांनी दुसऱ्याच्या संगणकावर सुरूच होत नाही, हा अनुभव जैवमाहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. प्रोग्राम कोणत्या साधनांनी बांधावा आणि कोणत्या वेष्टनात द्यावा, हा निर्णय बहुधा प्रबंधाच्या अखेरच्या महिन्यात, घाईघाईने घेतला जातो. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे ‘इमटेक’चा, इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे.

सीएसआयआरची ही प्रयोगशाळा १९८४ मधली. तेथील डॉ. गजेंद्र पाल सिंह राघव (भटनागर पुरस्कार, २००८) यांच्या गटाने २००१ मध्ये ‘प्रोप्रेड’ हे साधन जगापुढे ठेवले. प्रथिनाचा कोणता तुकडा एचएलए-डीआर रेणूंना चिकटेल, याचे भाकीत ते ५१ प्रकारांसाठी करते. लस-संशोधनात त्याचे मोल मोठे. ते वेब सर्व्हरवर होते. वापरणाऱ्याला ब्राउझर पुरे, ही त्यातली सोय. मात्र अप्रकाशित क्रमवारी परक्या यंत्रावर पाठवावी लागते, हजारो प्रथिने एकदम तपासायची तर प्रतीक्षा करावी लागते, आणि सर्व्हर बंद तर साधनही बंद.

मग ‘ओएसडीडीलिनक्स’ आले. क्षयरोगावरील औषधांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या मुक्त औषधशोध प्रकल्पाच्या छत्राखाली उबुंटूवर आधारलेली संपूर्ण कार्यप्रणालीच वाटण्यात आली. औषधशोधाची साधने तिच्यात आधीच बसवलेली. एका प्रोग्रामसाठी आख्खी कार्यप्रणाली पाठवणे म्हणजे भाकरीसोबत चूलही पाठवण्यासारखे वाटेल. पण लायब्ररींच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडत असताना तो प्रामाणिक उपाय होता. पुढे राघव दिल्लीच्या आयआयआयटीत गेले आणि २०१९ मध्ये त्यांच्या गटाने तीच कल्पना ‘जीपीएसआरडॉकर’ या रूपाने, डॉकर कंटेनरमध्ये मांडली.

कंटेनर उत्तम, पण लिनक्स सर्व्हरवर. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विंडोज लॅपटॉपवर डॉकर चालवायचे तर आधी आभासी लिनक्स यंत्र उभे करावे लागते; डिस्कवर काही जीबी जागा लागते ती वेगळीच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकाने हे सारे का शिकावे? त्याच्यासाठी दोनदा टिचकी मारून उघडणारा साधा डेस्कटॉप प्रोग्रामच योग्य.

तो बांधताना ‘इलेक्ट्रॉन’चा मोह आवरलेला बरा. एका खिडकीतल्या तक्त्यासाठी अख्खे क्रोमियम सोबत नेणे हा अपव्ययच आहे. पायथनमध्ये गणित असेल तर क्यूटी आणि ‘पायइन्स्टॉलर’ ही जोडी पुरेशी ठरते. फक्त हे विसरू नये की पायइन्स्टॉलर विंडोजची प्रत विंडोजवरच आणि मॅकची मॅकवरच बांधतो. लिनक्सची प्रत पाठिंबा द्यायच्या सर्वांत जुन्या प्रणालीवर बांधावी. नव्या जीलिबसीवर बांधलेली फाइल जुन्या यंत्रावर बहुधा चालत नाही.

खरी अडचण सहीची आहे. डिजिटल सही नसलेला प्रोग्राम उघडताच विंडोज धोक्याची सूचना दाखवते, आणि मॅकसाठी ॲपलचे वार्षिक ९९ डॉलर भरावे लागतात. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याने हा खर्च कुठून करावा? यंत्रांना आणि रसायनांना प्रकल्पात रकाना असतो, तसाच सहीच्या प्रमाणपत्राला आणि पाच वर्षांच्या देखभालीलाही असायला हवा. आणि प्रमाणपत्र संस्थेच्या नावावर निघावे, कारण विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, प्रोग्राम मागे राहतो.