स्वयंपाकघरात काय सांडतं?

घर घेताना आपण स्टेशनपासूनचं अंतर बघतो, कार्पेट एरिया बघतो, बँकेचा व्याजदर बघतो, काहीजण होकायंत्र घेऊन दिशाही बघतात. स्वयंपाकघरात पायाखाली काय आहे हे मात्र कुणी बघत नाही. सँपल फ्लॅट दाखवणारा माणूस "पूर्ण घराला टू बाय टू व्हिट्रिफाइड, सर" असं एका दमात म्हणून खिडकीकडे वळतो आणि आपणही त्याच्या मागोमाग व्ह्यू बघायला जातो. माझं म्हणणं असं, की तिथे दोन मिनिटं थांबावं. हॉलमधली चकचकीत लादी तशीच पुढे सरकवत ओट्यापर्यंत नेणं हा आपल्याकडच्या फ्लॅटमधला सगळ्यात बिनडोक प्रकार आहे. आणि तो आपण पैसे मोजून घेतो.

हा विषय डोक्यात घुसला तो बाबांमुळे. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, आनंदनगरच्या बाजूला, एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्समध्ये झाली. बदलापूरला आम्ही जो फ्लॅट बघतोय तिथे त्यांना घेऊन गेलो, तर बाकी कशाकडे न बघता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "इथे काय सांडणार?" बिल्डरच्या माणसाला प्रश्नच कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

घरी येताना लोकलमध्ये त्यांनी समजावलं. कारखान्यात फरशी कधीच 'पूर्ण प्लँटला एक' अशी नसते. जिथे ॲसिड हाताळतात तिथे ॲसिडप्रूफ लाद्या (यांच्यासाठी आयएस ४४५७ असं वेगळं भारतीय मानकच आहे), त्यांच्या सांध्यांतही साधं सिमेंट चालत नाही, आणि उतार गटाराकडे. लोखंडी जिन्यावर नक्षी उठवलेला चेकर्ड पत्रा, पाय सरकू नये म्हणून. जिथे ड्रम ओढतात तिथे जाड काँक्रीट. म्हणजे आधी विचारायचं की इथे काय सांडणार, काय पडणार, काय ओढलं जाणार आणि कोण चालणार. मटेरियल त्यानंतर. आम्ही आयटीवाले याला रिक्वायरमेंट म्हणतो आणि त्यावर तीन-तीन मीटिंगा घेतो. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र आधी लादी ठरते, ती पण दुसऱ्याने ठरवलेली!

तर आपल्या स्वयंपाकघरात काय सांडतं? पाणी, दिवसातून दहा वेळा. तेल, फोडणीचे बारीक शिंतोडे, जे दिसत नाहीत पण असतात. हळद. लिंबू, चिंच, कोकम. पडतं काय? कुकरचं झाकण, बत्ता, आणि ज्यांच्याकडे नारळ अजून जमिनीवर आपटून फोडतात त्यांच्याकडे नारळ. ओढलं काय जातं? सिलिंडर. १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे तीस किलोच्या आसपासचं धूड लोखंडी कडेवर गोल फिरवत नेतात. आणि चालतं कोण? बहुतेक घरांत आई, बायको, आजी, कामाला येणाऱ्या मावशी. अनवाणी, ओल्या पायांनी, हातात काहीतरी गरम घेऊन.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या आधीच्या बिल्डिंगमधल्या एक काकू अशाच चकचकीत लादीवर घसरल्या. काही विशेष झालं नव्हतं, भाताचं पाणी ओतताना थोडं खाली सांडलं होतं, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणत होते, "वय झालंय, जपून चालायला हवं." लादीबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. कंपनीत कामगार असा पडला असता तर चौकशी जमिनीपासून सुरू झाली असती.

जुन्या घरांत हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटलेला होता. आमच्या गावच्या घरी स्वयंपाकघरात शहाबादी होती. हा चुनखडीचा दगड, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावावरून त्याचं नाव पडलं. त्या वेळी जमीन हाच ओटा होता. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवायला पाटही जमिनीवर. कोपऱ्यात मोरी, म्हणजे बादलीभर पाणी ओतून खराट्याने ढकललं की काम झालं. शहाबादी दिसायला मळकट, तेल पिणारी, पण बिनपॉलिशची असल्याने पाय धरून ठेवणारी. नंतर आपण उभे राहून स्वयंपाक करायला लागलो, मोरी गेली आणि तिच्या जागी सिंक आलं. आता फ्लॅटच्या स्वयंपाकघरात जमिनीवरचं पाणी बाहेर जायला बहुधा वाटच नसते, ते फडक्याने टिपायचं. म्हणजे पाणी आता जास्त वेळ पायाखाली राहतं, आणि नेमक्या याच काळात आपण लादी काचेसारखी करून घेतली. याला काय म्हणावं?

बरं, मग घालायचं काय? गेले तीन वीकेंड मी कल्याण-उल्हासनगरची दुकानं पालथी घालतोय.

संगमरवर पहिल्या झटक्यात बाद. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. लिंबाचा थेंब पडला की तेवढ्या जागेची चमक कायमची जाते, आणि हळद तर तो आपली समजून पोटात घेतो. कोटा मला मनापासून आवडतो. राजस्थानातल्या कोटा-रामगंजमंडी भागातला दगड, थंड, दणकट, सिलिंडरला न घाबरणारा. पण तोही चुनखडीच, म्हणजे लिंबाची तक्रार थोड्याफार प्रमाणात आहेच. शिवाय त्याचं पॉलिश जागेवर मशीनने करावं लागतं आणि तेव्हा घरभर जो राखाडी चिखल होतो तो ज्यांनी बघितलाय त्यांनाच माहीत. वजनाचा हिशेबही करून बघितला (सवय!). ८० चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात पंचवीस मिलिमीटर जाडीचा कोटा म्हणजे साधारण पावणेपाचशे किलो, आणि नऊ मिलिमीटरची लादी म्हणजे दीडशे-पावणेदोनशे. तळमजल्याला किंवा स्वतःच्या बैठ्या घराला कोटा जरूर घालावा, फक्त आरसा-पॉलिश करून घेऊ नये. वरच्या मजल्यावर, तयार स्लॅबवर, इंजिनिअरला न विचारता नको. लाकडी दिसणारं लॅमिनेट आपल्या भागात तर विसराच. २६ जुलै २००५, मग २०१९, मग २०२१. उल्हास नदीने बदलापूरच्या खालच्या मजल्यांना दर वेळी आठवण करून दिलीय. पूर सोडा, सिंकखालचा पाईप गळला तरी ते फुगतं.

राहता राहिली व्हिट्रिफाइड. गंमत म्हणजे मटेरियल म्हणून ती अगदी योग्य आहे. ती पाणी जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी शोषते, म्हणून डाग आत उतरत नाहीत. आम्लाने तिला फरक पडत नाही. कडकपणात संगमरवराच्या कितीतरी पुढे. मोरबीचा माल आहे, कुठेही मिळतो. माझं भांडण मटेरियलशी नाही, वरच्या पॉलिशशी आहे. तीच लादी मॅट फिनिशमध्ये मिळते, बहुतेक वेळा त्याच दुकानात, फक्त आतल्या रॅकवर. पुढे ती लावत नाहीत कारण दिव्याखाली ती चमकत नाही.

मॅट मागितली की दुकानदार "आर नाइन आहे साहेब, अँटीस्किड" असं सांगतो. हा आर म्हणजे जर्मन डीआयएन ५११३० चाचणीतला वर्ग. तेल लावलेल्या उतारावर माणसाला चालवतात आणि किती अंशांवर तो घसरतो ते बघतात. आर ९ ही त्यातली सगळ्यात खालची पायरी आहे, म्हणजे सहा ते दहा अंश. त्यात 'अँटीस्किड' म्हणून मिरवण्यासारखं फार काही नाही. आणि मुख्य म्हणजे ही चाचणी बूट घालून करतात! अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावरची वेगळी चाचणी आहे, डीआयएन ५१०९७, तिचे वर्ग ए, बी, सी. ते इथे कुणी सांगत नाही, बॉक्सवरही मला दिसले नाहीत. म्हणून मी माझी चाचणी काढली. खिशात पाण्याची छोटी बाटली, त्यात तेलाचे दोन थेंब. लादी जमिनीवर ठेवायची, पाणी टाकायचं, चप्पल काढायची आणि उभं राहून पाय फिरवून बघायचा. पहिल्या दुकानात मला वेड्यात काढलं. तिसऱ्या दुकानातल्या शेठनी स्वतः चप्पल काढून बघितलं आणि म्हणाले, "ये तो सच में फिसलता है."

आता मॅटवरचा आक्षेप, जो आईनेच घेतला. मॅटवर मळ बसतो, पुसायला जोर लागतो. अगदी खरं आहे. चकचकीत लादीवर ओलं फडकं एकदा फिरवलं की झालं, मॅटवर दोनदा, आणि महिन्यातून एकदा ब्रश. हे काम मी करणार नसेन तर 'मॅटच हवी' म्हणण्यात फुकटचा शहाणपणा आहे, हे मला कळतं. म्हणून घरात असं ठरलंय की महिन्याचा ब्रश माझ्याकडे. फार खडबडीत, दगडासारखी उठावाची लादीही नको. ती बाथरूमला किंवा टेरेसला ठीक. स्वयंपाकघराला बारीक दाण्याची, हाताला बटर पेपरसारखी लागणारी मॅट पुरे होते. आणि टू बाय टू ऐवजी एक बाय एक. सांधे जास्त येतात, त्यामुळे पकड वाढते आणि एखादी फुटली तर छोटी बदलावी लागते. सांधे जास्त म्हणजे काळे पडणार, हा पुढचा प्रश्न बायकोने विचारलाच. त्याला उत्तर इपॉक्सी ग्राउट. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग आहे, भरणारा कारागीर जरा सराईत लागतो, पण ते तेल पीत नाही. एवढ्याशा जागेला तो जादा खर्च मॉड्युलर ट्रॉलीच्या एका खणाइतकाही होत नाही.

बिल्डरशी हे बोलायची वेळ म्हणजे लादी बसायच्या आधीची. करारनाम्याच्या मागच्या सोयीसुविधांच्या यादीत बहुतेकदा नुसतं 'व्हिट्रिफाइड' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे स्वयंपाकघरापुढे 'मॅट' हा एक शब्द वाढवून मागायला काही लागत नाही. आमच्या बिल्डरने आधी नाही म्हटलं, मग फरकाचे पैसे द्या म्हटलं, देतो म्हटलं. ताबा मिळाल्यावर स्वतः उखडून बदलायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुम्ही स्वतः फोडाफोडी केलीत की खालच्या मजल्यावर गळतं तेव्हा त्याला बोट दाखवायला जागा मिळते.

आणि ताबा घ्यायला जाताना खिशात एक नाणं न्या. प्रत्येक लादीवर मध्ये आणि चारही कोपऱ्यांत वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आला तर खाली मसाला पोकळ आहे, आणि पहिला नारळ किंवा बत्ता पडला की ती तडकणार. खडूने फुली मारून तिथल्या तिथे लिहून द्या. स्वतः विकत घेत असाल तर एक पेटी जास्तीची घ्या, पेटीवरचा बॅच नंबर आणि शेड बाकीच्यांशी जुळतात का ते बघून. पाच वर्षांनी तोच रंग दुकानात मिळत नाही. पलंगाखाली राहते ती, आमच्याकडे वाद फक्त कुणाच्या पलंगाखाली एवढाच उरलाय.