‘नाही’ ऐकल्यावर हात उचलायला पोरगं शिकतं कुठे?

उल्हासनगर : मार्च 1990. दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका विद्यार्थिनीला पेट्रोल टाकून जाळलं. एकतर्फी प्रेमातून. उल्हासनगरातल्या जुन्या माणसांना ते अजून आठवतं. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका प्राध्यापिकेवर तीच वेळ आली. दोन्ही वेळा लोक रस्त्यावर आले, फाशीची मागणी झाली. पण पोरगं हे शिकलं कुठे, हा प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेतले संशोधक मरे स्ट्रॉस यांनी 16 देशांतल्या 31 विद्यापीठांत विद्यार्थ्यांना विचारलं. प्रेमातल्या जोडीदारावर वर्षभरात हात उचलल्याचं साधारण 29 टक्क्यांनी कबूल केलं. सगळ्यात कमी होतं तिथेही 17 टक्के. पोरींनीही कबुली दिली. अर्थात यात ढकलाढकली, चापटही मोजलीय; चापट आणि पेट्रोल एका मापात बसत नाही.

त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, 17 देशांत, आणखी एक गोष्ट दिसली. लहानपणी घरात दुर्लक्ष जितकं जास्त, तितकी पुढे जोडीदाराला मारण्याची शक्यता जास्त. दुर्लक्ष म्हणजे आईबाप पहाटेची लोकल पकडून कामाला जातात ते नव्हे, नाहीतर बदलापूर-अंबरनाथची निम्मी घरं दोषी ठरतील. पोर रडवेलं असताना धीर न देणं, शाळेत गेलं की नाही हे न विचारणं, याला दुर्लक्ष म्हटलंय.

आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही असंच दिसतं. जिच्या आईला बापाने मारलं, तिला नवऱ्याचा मार बसण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा बरंच जास्त आहे. म्हणजे मारणारा घरात शिकतो तसं सोसणंही घरातच अंगवळणी पडतं. मार खाल्लेलं प्रत्येक पोर मारकुटं होतं असं मात्र नाही.

आता सुरुवात मोबाईलवरून होते. ‘लोकेशन पाठव’, ‘पासवर्ड दे’, ‘त्याच्याशी का बोललीस?’ पोरींना आधी हे प्रेमच वाटतं. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल, ही भीती असते. गावाकडून उल्हासनगरला शिकायला जाणाऱ्या पोरींना तर जास्तच. पोरीचं शिक्षण थांबवलं की त्रास देणाऱ्याचंच फावतं.

मुंबईच्या पालिका शाळांत 2008 च्या सुमारास सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत याच विषयावर तासिका घेतल्या गेल्या. तालुक्यातल्या शाळांना हे जमण्यासारखं आहे. पैसा फारसा लागत नाही, मास्तरांची तयारी लागते.

पाठलाग हा कायद्याने गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सोही लागू शकतो. मदतीसाठी मुलांनी 1098, महिलांनी 181 आणि तातडीच्या वेळी कुणीही 112 वर फोन करावा.