ताप उतरला, पण अंगात जीव नाही



ताप चार-सहा दिवसांत उतरतो. घरचे म्हणतात, बरा झाला. पण माणूस कामाला लागतो आणि हातपाय गळतात, धाप लागते, भरलेला हंडा उचलवत नाही. मग टोमणे सुरू होतात. गडी असला तर 'कामचुकार', सून असली तर 'सोंग करते'. सुनेच्या वाट्याला जरा जास्तच येतात. हे सोंग नसते.

1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती. 2006 साली तो महाराष्ट्रात पुन्हा आला. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले, अर्थ माणसाला वाकवणारा. ताप गेला तरी काहींचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. 2020 नंतर कोरोनानेही तेच दाखवले. घरीच बरे झालेल्यांनाही थकव्याने सोडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली या मागे राहणाऱ्या त्रासाला आजार म्हणून व्याख्येत बसवले.

जालन्याच्या सळईच्या कारखान्यात राबणारा किंवा कापूस वेचणारी बाई, रोज बुडाला तर चूल कशी पेटणार? म्हणून अंग ढकलत नेतात. पण या थकव्याची खोड अशी की आज ओढून काम केले तर उद्या-परवा दुप्पट आडवे व्हावे लागते. सलाईनने ताकद येत नाही, पैसे तेवढे जातात.

चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. तो साधनेसाठी होता, पण इथेही लागू पडतो. दम लागायच्या आधीच थांबा. आठ-पंधरा दिवस तेवढेच काम झेपले, तर मगच थोडे वाढवा.

महिना उलटूनही थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त आणि साखर तपासून घ्या. खोकला असून वजन घटत असेल तर थुंकीही तपासा, क्षयाची तपासणी तिथे मोफत होते. छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी जा. 'बाहेरचे झाले' म्हणून अंगारा लावू नका. ते आपण 1956 साली नागपुरात सोडून आलो.

तोवर हंडा घरातल्या धडधाकट पुरुषाने आणावा. आणि पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे. चिकुनगुनियाचा डास दिवसा चावतो, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.