परिचारिकेचा पहिला धडा : रुग्ण बघायला शिका

बंगळुरूच्या कोरमंगला भागात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे आणि त्याला जोडूनच नर्सिंग कॉलेजही आहे. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. नर्सिंग म्हणजे इंजेक्शन देणे, सलाइन लावणे आणि चादरी बदलणे, असा समज अजूनही अनेक घरांत आढळतो. मुलीने हे क्षेत्र निवडायचे म्हटले की आईवडील कुरकुरतात ते त्यामुळेच. प्रत्यक्षात विद्यार्थिनीला सर्वांत आधी शिकावी लागते ती रुग्णाची पाहणी. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या पुस्तकातही रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

कारण उघड आहे. डॉक्टर फेरीवर येतात आणि थोड्या वेळाने पुढच्या खाटेकडे जातात. परिचारिका मात्र पूर्ण पाळीभर वॉर्डातच असते. रुग्णाची प्रकृती बिघडू लागली तर ते आधी तिच्याच लक्षात यायला हवे.

आकडे काय सांगतात?

विश्रांती घेत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते, श्वास १२ ते २० होतात, रक्तदाब १२० वर ८० च्या आसपास असतो आणि रक्तातील ऑक्सिजन ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असतो. हे आकडे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. खरे कौशल्य ते अचूक मोजण्यात आहे. श्वास मोजतोय हे कळले की रुग्ण नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट सोडायचे नाही आणि छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजायची. वॉर्डात घाई असली की श्वास न मोजताच तक्त्यात अंदाजाने आकडा लिहिला जातो. पण प्रकृती खालावल्याची पहिली खूण बहुधा श्वासच देतो.

एक आकडा पुरत नाही

समजा, तरुण रुग्णाचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे. दुपारी त्याची नाडी ८४ होती, तासाभराने ९८ झाली, नंतर ११२. श्वास १६ वरून २४ वर गेले. रक्तदाब मात्र अजून ठीक आहे. नवखी विद्यार्थिनी निश्चिंत होईल, पण अनुभवी परिचारिका तत्काळ डॉक्टरांना बोलावील. पोटात रक्तस्राव होत असेल तर तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब सावरून धरते. तो कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. रुग्ण कोण, काय झाले होते, आता काय आढळले आणि काय हवे आहे, हे चार मुद्दे फोनवर नेमके सांगता यावेत, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

शुद्ध मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगो शहरात तयार झालेली पद्धत जगभर वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ‘जरा गुंगीत आहे’ या मोघम शेऱ्यापेक्षा ‘सकाळी १५, आता १२’ हे कितीतरी अधिक सांगून जाते.

बोली समजली पाहिजे

बंगळुरूत शेजारच्या दोन खाटांवरचे रुग्ण कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारे असू शकतात. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थिनीला ‘नोवु एल्लिदे?’ म्हणजे ‘कुठे दुखतंय?’ एवढे कन्नड तरी यायलाच हवे. दुखणे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही, ते रुग्णालाच विचारावे लागते. शून्य ते दहापैकी किती दुखते हे तो सांगेल, तेच खरे मानायचे.

घरीही उपयोगी

यातले काही गृहिणींनीही शिकून घ्यावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवावे आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. ऑक्सिजन मोजताना बोटाला नेलपॉलिश नसावे. एक ते पाच वर्षांच्या मुलाला खोकला असेल आणि ते शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये. वृद्धांना जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि बोलणे कधीपासून बदलले, ते वेळेसह लिहून न्या.