खेळाडूचे मोल

गवयाने बिदागी घेतली म्हणून त्याचा सूर उणा ठरत नाही. वैद्याने मोल घेतले म्हणून त्याच्या औषधाचा गुण जात नाही. मग खेळाडूने आपल्या खेळाचा मोबदला उघडपणे स्वीकारला, तर त्याची प्रतिष्ठा का कमी व्हावी? टेनिसच्या जगात एके काळी ती कमी होत असे. हा समज किती पोकळ होता, हे ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने आपल्या कर्तृत्वाने दाखवून दिले.

लेव्हरचा जन्म १९३८ साली क्वीन्सलँडमधील रॉकहॅम्प्टन येथे झाला. अंगाने तो लहानखुरा. परंतु त्याच्या डाव्या हातात विलक्षण बळ होते. १९६१ साली विंबल्डनच्या उपान्त्य फेरीत भारताच्या रामनाथन कृष्णनला हरवून पुढे त्याने तेथील अजिंक्यपद पटकावले. १९६२ साली तर ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन आणि अमेरिका या चारही प्रमुख स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकल्या. त्याच्यापूर्वी हा पराक्रम केवळ एकाच पुरुषाला, अमेरिकेच्या डॉन बजला, साधला होता. आणि तोही लेव्हरच्या जन्माच्याच वर्षी!

त्यानंतर लेव्हर धंदेवाईक खेळाडूंत सामील झाला आणि त्याच चार स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. त्या केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. वस्तुतः हौशी म्हणविणाऱ्या कित्येकांना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे दिले जात. म्हणजे लपवून घेणारा तो सन्माननीय, आणि उघडपणे घेणारा तो बहिष्कृत!

पैसा आला की खेळावरील प्रेम आटते, असे या नियमाचे कैवारी म्हणत. त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते; लोभाने अनेक चांगल्या गोष्टी नासतात, हे खरे. परंतु त्या नियमाने लोभ नाहीसा झाला नाही. तो फक्त पडद्याआड गेला. शिवाय निव्वळ हौस ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्यालाच परवडते. गुणी पण निर्धन खेळाडूने काय करावे?

लेव्हरचे प्रेम आटले का? धंदेवाईकांत येताच ल्यू होड आणि केन रोझवॉल या कसलेल्या खेळाडूंनी त्याला वारंवार पराभूत केले. चारही अजिंक्यपदांचा मानकरी पुन्हा विद्यार्थी झाला. गावोगाव फिरत, मिळेल त्या मैदानावर खेळत, त्याने आपल्या खेळातील एकेक उणीव दूर केली आणि थोड्याच वर्षांत त्या मंडळीतही अग्रस्थान मिळविले.

अखेर १९६८ साली या प्रमुख स्पर्धा सर्वांना खुल्या होऊ लागल्या. त्या वर्षी विंबल्डन जिंकले ते लेव्हरनेच. १९६९ साली त्याने चारही स्पर्धा पुन्हा एकदा एकाच वर्षात जिंकल्या. आता प्रतिस्पर्ध्यांत हौशी होते आणि धंदेवाईकही. त्यामुळे हे यश पहिल्याहून अधिक कसाचे ठरले. पुढे २००० साली मेलबर्नच्या मुख्य क्रीडागाराला त्याचे नाव देण्यात आले.

ऐन उमेदीची पाच वर्षे मात्र त्याला परत मिळाली नाहीत. अन्यायी नियम एक दिवस बदलतो, पण त्याने हिरावलेला काळ परत येत नाही. म्हणूनच माणसाची पारख तो काय घेतो यावरून न करता, घेतलेल्या मोलाच्या बदल्यात तो किती निष्ठेने देतो यावरून करावी. श्रमाचे मोल उघडपणे घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो कामात कुचराई करण्यात.